उन्हाळा, कोंबडी आणि तडकलेले अंडे



ज्या गावी पैसाच्या खांबाजवळ बसून ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, त्या गावी उभे राहून कोंबडीवर व्याख्यान द्यायचे, हे धाडसच म्हटले पाहिजे. चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' अशा काहीशा मथळ्याची असावी. आम्ही 'उन्हाळा आणि कोंबडीचे अंडे' असे कळविले. त्यांनी ते छापले, याबद्दल त्यांचे आभार. मात्र आम्ही विषय बदलला असे कोणी समजू नये. आम्ही कामगारांच्याच प्रश्नावर बोलणार आहोत. फक्त तेथे जाण्याची वाट कोंबड्यांच्या शेडमधून आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्याने ऐकण्याचा हंगाम म्हणजे उन्हाळा. दिवसभर पत्रे तापलेले, भिंती तापलेल्या. सूर्य मावळल्यावर प्रवरेवरून थोडा वारा सुटतो आणि मग माणसे सभामंडपात येऊन बसतात. आपणांस वारा लागतो, अंगाचा घाम सुकतो आणि जीव थंडावतो. आजचा सगळा विषय या एका घामात आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या कातडीला घर्मग्रंथीच नाहीत.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे थोडे वाचले ते संघटनेच्या कामात गरज पडली म्हणून वाचले. कोंबडीविषयीचे वाचनही तसेच घडले. एका अंड्यांच्या पोल्ट्रीत मजूर बायकांच्या पगारातून दर उन्हाळ्यात पैसे कापले जात. कारण दाखविले जाई ते असे, की तुमच्या हयगयीने अंडी तडकतात. धंद्यात अशा अंड्याला 'क्रॅक' म्हणतात आणि ते निम्म्या भावाने, कधी त्याहूनही कमी भावाने जाते. पोल्ट्रीचे आणि मालकाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि या गृहस्थांनी पुढे ऐकून घेतले हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

बायका आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्यातली एक वयस्क बाई म्हणाली, "भाऊ, दिवाळीत हेच हात असत्यात, तवा काही फुटत नाही. चैत-वैशाखात आमच्या हातांना काय काटे फुटत्यात का?" आम्ही या बाईचे उपकार मानतो. आम्ही मागणीपत्र लिहावयास बसलो होतो. तिने आम्हांस प्रश्न लिहून दिला. हात तेच, ट्रे तेच, काम तेच; मग अंडे उन्हाळ्यातच का फुटते?

याचे उत्तर शोधताना आम्हांस कोंबडीच्या देहाची ओळख झाली. आपल्या शेजारच्या राहुरी तालुक्यात १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. अशा संस्थांच्या पुस्तिका, पशुवैद्यांशी झालेले बोलणे आणि रात्रीचे वाचन, एवढीच आमची शाळा. त्यातून जे समजले ते साध्या शब्दांत सांगतो.

माणसाच्या अंगाची ऊब सदतीस अंशांची. कोंबडीची एकेचाळीस-बेचाळीस अंशांची. आपल्याला ज्या तापात बडबड सुटेल, तो तिचा रोजचा स्वभाव आहे. तिला सुखाचे हवामान म्हणजे साधारण अठरा ते चोवीस अंश. तिशीपलीकडे तिला त्रास सुरू होतो, पस्तिशीच्या पुढे त्रास वाढतो, आणि चाळिशीला पारा टेकला की प्रश्न अंड्याचा राहत नाही, जिवाचा होतो. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा कोठे असतो हे नेवासकरांना आम्ही सांगावयास नको.

ऊन वाढले की कोंबडी प्रथम पंख अंगापासून दूर धरते, म्हणजे पंखांखालच्या कमी पिसांच्या जागेस हवा लागावी. तिचा तुरा आणि चोचीखाली लोंबणारी लाल कातडी यांत रक्त अधिक धावते. तेथून उष्णता बाहेर पडते. पण रक्त बाहेरच्या अंगास गेले की आतड्यांस आणि अंडाशयास ते कमी पडते. एवढ्यानेही भागले नाही की ती चोच उघडून धापा टाकू लागते. शांत असता मिनिटास वीस-तीस श्वास घेणारी कोंबडी उन्हात दीडशे-दोनशे श्वास घेते. घशातला आणि श्वासनलिकेतला ओलावा हवेत उडतो आणि त्याबरोबर उष्णता जाते. म्हणजे आपण कातडीने घाम गाळतो, ती घशाने गाळते.

आता अंड्याकडे येऊ. एक अंडे पोटात तयार होण्यास चोवीस ते सव्वीस तास लागतात. बलक आणि पांढरा भाग थोड्या तासांत होतो. सुमारे वीस तास जातात ते कवचाला. कवच बहुतेक सारे खडूच्याच द्रव्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. एका कवचाचे वजन पाच-सहा ग्रॅम आणि त्यात कॅल्शियम सुमारे दोन ग्रॅम. अंडे बहुधा सकाळी घातले जात असल्याने कवचाचे मोठे काम रात्री चालते. त्या वेळी पोटातले खाद्य अपुरे पडले तर कोंबडी आपल्या हाडांतून कॅल्शियम काढून अंड्याला देते. हाडे झिजवून संसार करणारी माणसे आपण पाहिली आहेत; येथे ते अक्षरशः घडते.

पण नुसत्या कॅल्शियमने कवच होत नाही. त्याचा दुसरा अर्धा भाग कार्बोनेट, आणि ते येते रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूपासून. हाच वायू आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतो. कोंबडी मिनिटास दोनशे धापा टाकू लागली की हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. सोड्याच्या बाटलीची गोटी दाबली की वायू फसफसून उडून जातो आणि थोड्या वेळाने मागे नुसते पाणी उरते. तसे तिच्या रक्ताचे होते. रक्तातला आम्लपणा घटतो, कवचाला लागणारे कार्बोनेट कमी पडते, आणि कॅल्शियमसुद्धा रक्तात असून कवचाच्या उपयोगी पडेनासे होते. शिवाय उन्हाने तिची भूक गेलेली असते, त्यामुळे खाद्यातून येणारे कॅल्शियमही आटते. परिणाम असा, की अंडे लहान होते, कवच पातळ होते, कधी कवचाशिवाय नुसते लिबलिबीत अंडे पडते, आणि उन्हाळा फारच तापला तर अंडे घालणेच थांबते.

सोड्याची उपमा आम्ही सहज दिली असे वाटेल, पण तीत एक खरी गोष्ट आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात टेड ओडम नावाचा एक विद्यार्थी याच प्रश्नामागे लागला होता. त्याने उन्हात ठेवलेल्या लेगहॉर्न कोंबड्यांना साध्या पाण्याऐवजी वायू भरलेले पाणी, म्हणजे सोडावॉटर, पाजून पाहिले. कवच सुधारले. त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस फार आनंद झाला. कोंबड्यांना रोज सोडावॉटर पाजणे कोणाला परवडणार नाही, हे खरे. परंतु उन्हाळ्यात अंडे फुटते त्याचे मूळ कोंबडीच्या धापेत आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा आम्हांस हवा नव्हता.

तरी मालकापुढे अमेरिकेचा निबंध ठेवून भागत नाही. त्यांच्याच शेडमधला पुरावा लागतो. म्हणून बायकांनी आणि आम्ही मिळून एक शाळकरी वही केली. शेडमध्ये दोन ठिकाणी तापमापक टांगले. एक पश्चिमेकडच्या रांगेत, जेथे दुपारचे ऊन पत्र्यावरून आणि जाळीतून थेट आत येई; दुसरा पूर्वेकडच्या रांगेत, जिच्यावर बाहेरच्या लिंबाची सावली पडे. दुपारी तीनचा आकडा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्या रांगेतली तडकलेली अंडी मोजून लिहायची. दोन्ही रांगांतली अंडी त्याच बायका उचलीत. आकडा लिहिण्याचे काम सातवी झालेल्या एका मुलीकडे होते आणि तिने एकही दिवस चुकविला नाही.

महिनाभराने वही उघडून पाहिली तर एखादे पोरही सांगेल असा फरक होता. उन्हाच्या रांगेत अंडी फुटत होती. लिंबाच्या रांगेत फार थोडी. ज्या दिवशी आभाळ आले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही रांगा जवळजवळ सारख्या. हात निष्काळजी असते तर ते दोन्ही रांगांत सारखेच निष्काळजी असते. आम्ही वही मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटले, "साहेब, आता दंड कोणाला करायचा ते आपण सांगा. बायकांना, कोंबड्यांना, की पत्र्याला?"

येथे कायद्याचेही दोन शब्द बोलले पाहिजेत. कामगाराच्या वेतनातून नुकसानभरपाई कापायची तर ते नुकसान थेट त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण कायद्याची भाषा आणि शेडमधली वस्तुस्थिती यांच्यामध्ये एक पूल लागतो. आमच्या प्रकरणात तो पूल त्या शाळकरी वहीने बांधला. कपात थांबली. मागची कापलेली रक्कम मात्र सगळी परत मिळाली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. हा धंदा सोपा नाही. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली, आणि १९८२ साली त्यांच्याच पुढाकाराने अंडी उत्पादकांची एनईसीसी ही समिती स्थापन झाली. त्यापूर्वी अंड्याचा भाव व्यापारी ठरवीत. समितीमुळे उत्पादकाला भाव जाहीर करण्याचे बळ आले. तरी उन्हाळ्यात त्याला दोन्हीकडून मार बसतो. अंडे उष्ण असते या समजुतीने गिऱ्हाईक कमी होते, आणि कोंबड्या अंडीही कमी देतात. दुसरीकडे महाराष्ट्राला अंडी पुरत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने सांगितले होते, की राज्यात रोज सुमारे एक कोटी अंडी कमी पडतात. ती परराज्यांतून येतात. तेव्हा उन्हाने तडकलेले प्रत्येक अंडे हा केवळ मालकाचा तोटा नव्हे. ते कोणाच्या तरी मुलाच्या ताटातले अंडे आहे.

मग उपाय काय? येथे आमच्यासमोर दहा-पाच गावठी कोंबड्या पाळणाऱ्या भगिनी बसल्या आहेत, तसे हजारोंची शेड असलेलेही काही असतील. दोघांनाही उपयोगी पडेल असे सांगतो.

पहिले पाणी. कोंबडी एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते. कडक उन्हाळ्यात चौपट किंवा त्याहूनही अधिक. पण पाणी गरम झाले की ती पिणे सोडते. पुष्कळ ठिकाणी काळी टाकी पत्र्यावर उन्हात आणि नळीही उन्हातून आणलेली असते. दुपारी त्या पाण्यात हात घालवत नाही. टाकीवर पाचटाची सावली करा, नळी झाका, घरी असाल तर मातीचे भांडे सावलीत ठेवून दिवसातून तीन-चार वेळा पाणी बदला.

दुसरे खाद्य. पोटात अन्न पचू लागले की अंगात उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी वाढते. सकाळी उशिरा भरपूर खाऊ घातले तर ती ऊब नेमकी भर दुपारच्या उन्हात मिळते, आणि कोंबडी दोन्ही आगींत सापडते. म्हणून खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यावे; दुपारी पुढ्यात पाणी असावे, खाद्य नसावे. शिंपल्याचा चुरा संध्याकाळी द्यावा, कारण कवच रात्री घडते. ती खाते कमी, म्हणून जे खाईल ते अधिक सकस असावे. पाण्यात खाण्याचा सोडा किंवा क जीवनसत्त्व देतात तेही उपयोगी आहे, पण प्रमाण पशुवैद्यास विचारून.

तिसरे छप्पर. शेड पूर्व-पश्चिम लांब असावी, म्हणजे लांब बाजूंवर तिरपे ऊन कमी येते. आमच्या प्रकरणातली शेड उलटी, दक्षिणोत्तर बांधलेली होती, आणि सगळा मार तेथेच होता. पत्र्याला बाहेरून चुना मारा. पांढरा रंग ऊन परतवितो. वर पाचट पसरा. नेवासे तालुका उसाचा. सोनई आणि भेंडे येथील साखर कारखान्यांना जाणाऱ्या उसाचे पाचट आपण फडात पेटवून देतो. त्यातले थोडे शेडवर आले तर कोंबडी वाचेल. पण त्यावर अधूनमधून पाणी मारा आणि आगीपासून जपा.

चौथे हवा. बाजूंना गोणपाट लावून ओले ठेवतात, फवारे सोडतात. चैत्र-वैशाखातल्या आपल्या कोरड्या हवेत याचा फार गुण येतो, कारण पाणी झटकन उडते आणि गारवा देते. पण मृगाच्या आधी जो दमट उकाडा होतो त्यात तेच फवारे घातक ठरू शकतात. हवेत आधीच ओल असल्याने कोंबडीच्या घशातले पाणी उडेनासे होते आणि तिची धाप व्यर्थ जाते. त्या दिवसांत पाणी कमी आणि वारा जास्त, म्हणजे पंखे, हे धोरण ठेवावे. एकच उपाय सगळा उन्हाळाभर डोळे मिटून चालवू नये.

पाचवी गोष्ट जातीची आणि जागेची. आज शेडमध्ये दिसणारी पांढरी कोंबडी मूळ इटलीच्या लेगहॉर्न बंदराच्या नावाची. सगळ्या कोंबड्यांचा पूर्वज म्हणजे आपल्याच आशियातला तांबडा रानकोंबडा. पण तो उन्हात राहत नसे, बांबूच्या जाळीत राहत असे. संकरित कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. त्या कामाचीच उष्णता तिच्या अंगात सतत पेटलेली असते. गावठी कोंबडी साठ-ऐंशी अंडी देते, पण उन्हात तगते. केरळात आणि इतरत्र मानेवर पिसे नसलेली जात आहे, तिला उष्णता आणखी सोसते. आणि मोकळी कोंबडी दुपारी लिंबाखाली जाते, मातीत खळगा करून गार जमिनीला पोट लावते. पिंजऱ्यातल्या कोंबडीला यातले काही करता येत नाही. भारतीय विधी आयोगाने २०१७ साली आपल्या २६९ व्या अहवालात पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या हालांची दखल घेतली होती. ज्याची सावलीत जाण्याची मोकळीक आपण काढून घेतली, त्याच्याकडे सावली नेण्याची जबाबदारी आपली, एवढे तरी मान्य झाले पाहिजे.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी आम्ही ही सारी वाट चाललो.

कपात थांबली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मालकांनी शहाणपणाने वागून शेड सुधारली. पत्र्यावर पाचट आले, गोणपाट आले, टाकीत टाकावयास बर्फाच्या लाद्या आल्या. आम्ही समाधानात होतो. एका दुपारी दोन वाजता ओल्या गोणपाटांचा भारा वाहून नेताना एक बाई शेडच्या दारात कोसळली. तिला सावलीत नेले, पाणी शिंपडले, दवाखान्यात नेले, ती वाचली. नंतर पाहिले तर बायकांचे पिण्याचे पाणी बाहेर उन्हात प्लास्टिकच्या कॅनमध्ये होते. कोंबड्यांच्या पाण्यात बर्फ आणि बायकांचे पाणी उन्हात! हे कोणी दुष्टपणाने केले नव्हते. कोंबडी मेली तर त्याच संध्याकाळी वहीत लिहिली जाते. बाईचे डोके दुखले, लघवी जळजळली, चक्कर आली, तर ते कोठेच लिहिले जात नाही.

आणि आमचीही वही तशीच होती, हे आम्हांस त्या दिवशी कळले. तीत तापमानाचा रकाना होता, तडकलेल्या अंड्यांचा रकाना होता; बायकांच्या प्रकृतीचा रकाना आम्ही आखलाच नव्हता. संघटनेत अर्धे आयुष्य घालविलेल्या माणसाकडून ही चूक झाली. त्यानंतर तो रकाना आखला. मागणी केली ती साधी होती: कोंबडीला जे शास्त्र लागू केले तेच माणसाला लावा. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करा, बारा ते चार जड काम बंद ठेवा, सावलीत माठ ठेवा, आणि मार्चअखेर ऊन चढू लागते तेव्हा पहिले आठ-दहा दिवस काम हलके ठेवा, कारण कोंबडी असो की माणूस, देहाला उन्हाची सवय हळूहळू होते. हे मान्य होण्यास आणखी एक वर्ष लागले. दुपारची सुट्टी मिळाली, पण पगारी वेळेत ती पूर्ण धरली जावी यासाठी भांडण अजून चालू आहे.

कोंबडीच्या बाबतीत एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. ऊन असह्य झाले की तिचा देह आपोआप ठरवितो, की आधी श्वास, मग कवच, मग अंडे. तिला कोणी जादा कामाचे पैसे दाखवून किंवा कामावरून काढण्याची धमकी देऊन अंडे घालावयास लावू शकत नाही. माणसाचा देहही हेच सांगत असतो, पण माणसाला घरी चूल असते, कर्ज असते, मुलीची फी असते. म्हणून तो देहाचे ऐकत नाही. जे कोंबडीला निसर्गाने दिले आहे ते माणसाला नियमाने, कराराने आणि संघटनेने मिळवून द्यावे लागते.

उद्या सकाळी बाजारात अंडे घेताना ते तडकलेले निघाले तर दुकानदारावर किंवा ते उचलणाऱ्या हातांवर रागावण्याआधी एवढे आठवावे, की आदल्या रात्री ते कवच घडत होते, आणि त्याच्या आदल्या दुपारी ती कोंबडी चोच उघडून धापा टाकीत होती. आणि त्याच छपराखाली, त्याच उन्हात, आणखीही कोणी उभे होते.